एकल टाइल-मांडणी खेळ

एकल टाइल-मांडणी खेळ हा बैठ्या खेळांचा एक प्रकार आहे. यात एकच खेळाडू जाड पुठ्ठ्याचे किंवा लाकडाचे ठरावीक आकाराचे तुकडे, म्हणजे टाइल, नियमांनुसार एकमेकांना जोडत जातो आणि त्यातून बाग, गाव, नकाशा किंवा झाड असे एखादे चित्र तयार होते. टाइल संपल्या किंवा पत्त्यांचा गठ्ठा संपला की तयार झालेल्या चित्राचे गुण मोजले जातात. समोर प्रतिस्पर्धी नसतो. इ. स. २००० नंतर युरोपात या प्रकाराचा झपाट्याने प्रसार झाला. त्यांतील अनेक खेळांचा विषय जपानी आहे : राजवाड्याची बाग, बांबूचे बन, कुंडीतील वामनवृक्ष. पटासमोर एकट्याने बसण्याची कल्पना मात्र याहून फार जुनी आहे. दख्खनमध्ये तिच्याशी जवळचे नाते असलेल्या एका खेळाचा लेखी पुरावा बाराव्या शतकातील कल्याणीच्या राजसभेपर्यंत मागे नेता येतो. कल्याणी म्हणजे सोलापूरच्या पूर्वेस असलेले आजचे बसवकल्याण.

स्वरूप

दोघांच्या खेळात अडथळा निर्माण करण्याचे काम प्रतिस्पर्धी करतो. तो नसेल तर ते काम दुसऱ्या कशावर तरी सोपवावे लागते. एकल खेळांत ते तीन प्रकारे सोपवले जाते. पहिला अडथळा नियमांचा : अमुक टाइल अमुक टाइलशेजारीच ठेवता येते. दुसरा योगायोगाचा : कोणती टाइल किंवा कोणता पत्ता पुढे येईल हे खेळाडूच्या हाती नसते. तिसरा लक्ष्याचा : ठरलेले गुण मिळवायचे किंवा आपलाच आधीचा उच्चांक ओलांडायचा. यांपैकी फक्त पहिला अडथळा असेल तर खेळ कोड्याकडे झुकतो, फक्त दुसरा असेल तर तो नशिबाचा होतो. चांगल्या एकल खेळात तिन्ही अडथळे असतात आणि कोणताही एक बाकीच्या दोहोंवर मात करत नाही.

प्रतिस्पर्ध्याविना खेळाला खेळ म्हणावे का, हा प्रश्न अनेकदा विचारला जातो. तत्त्वज्ञ बर्नार्ड सूट्स यांनी ‘द ग्रासहॉपर’ (१९७८) या पुस्तकात खेळाची जी व्याख्या मांडली, तिचा आशय असा की अनावश्यक अडथळे स्वेच्छेने स्वीकारून ते पार करण्याचा प्रयत्न म्हणजे खेळ. या व्याख्येत दुसऱ्या माणसाची अट नाही.

भारतीय परंपरेच्या दृष्टीने एकल खेळाचे आणखी एक वैशिष्ट्य लक्षात घेण्याजोगे आहे. बैठ्या खेळांकडे येथे दीर्घकाळ संशयाने पाहिले गेले, कारण फाशांच्या खेळाला पण जोडलेला असे. ‘मनुस्मृती’च्या नवव्या अध्यायात निर्जीव वस्तूंनी खेळले जाणारे द्यूत आणि सजीव प्राण्यांवर लावलेली पैज या दोहोंचा राजाने बंदोबस्त करावा असे सांगितले आहे. महाभारतातील द्यूतसभेने तर हा संशय घराघरांत पोहोचवला. एकट्याच्या खेळात पण लावायला समोर कोणी नसते. हरण्याजिंकण्याचा संबंध धनाशी किंवा मानाशी उरत नाही आणि बैठ्या खेळावरचा हा जुना आक्षेप येथे आपोआप गळून पडतो.

दख्खनमधील पूर्वपरंपरा

कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा सोमेश्वर तिसरा (राज्यकाल सुमारे ११२७ ते ११३८) याने ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. ‘अभिलषितार्थचिंतामणी’ हे त्याचे दुसरे नाव. शंभर अध्यायांचा हा ग्रंथ प्रत्येकी वीस अध्यायांच्या पाच विंशतींत विभागलेला असून चौथी विंशती विनोदांना, म्हणजे करमणुकींना, आणि पाचवी क्रीडांना वाहिलेली आहे. मराठी भाषेच्या अभ्यासकांना हा ग्रंथ त्यातील जुन्या मराठी पद्यपंक्तींमुळे परिचित आहे. बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सीरिजमध्ये तो तीन खंडांत प्रसिद्ध झाला.

क्रीडाविंशतीत बुद्धिबळाचे जे विवेचन आहे, त्यात घोड्याला पटावरील सर्व ६४ घरांतून, कोणत्याही घरात दुसऱ्यांदा न नेता, फिरवण्याची रीत आली आहे. हा खेळ एकट्याने खेळता येतो. प्रतिस्पर्ध्याचे सैन्य पटावर नसतेच. असतो तो एक घोडा आणि रिकामी घरे. त्याआधी नवव्या शतकात काश्मिरी साहित्यशास्त्रज्ञ रुद्रट याने ‘काव्यालंकार’ ग्रंथात घोड्याच्या चालीने अक्षरे वाचायची चित्रकाव्याची रचना दिली होती. म्हणजे कवींच्या हातातली ही करामत तीनशे वर्षांनी राजाच्या करमणुकींच्या यादीत बुद्धिबळाच्या पटावर भेटते.

सोमेश्वराच्या काळी आजचा सोलापूर जिल्हा कल्याणीच्या सत्तेखाली होता. सोलापूरचे जुने नाव सोन्नलगे. तेथील सिद्धराम, म्हणजेच सोलापूरकरांचे सिद्धेश्वर, याच शतकाच्या उत्तरार्धात कल्याणीस बसवेश्वरांच्या परिवारात गेले. गाव आणि राजधानी यांच्यात असा येण्याजाण्याचा राबता होता. राजसभेतील करमणूक गावच्या ओट्यावर कितपत उतरली, हे मात्र ग्रंथावरून ठरवता येत नाही.

मराठी वंशातील एका धर्मशास्त्रकारानेही हा खेळ नोंदवला आहे. सतराव्या शतकातील नीलकंठ भट्ट हे काशीस राहत, पण त्यांचे घराणे मूळचे पैठणचे. त्यांच्या ‘भगवंतभास्कर’ या बारा मयूखांच्या ग्रंथातील ‘नीतिमयूख’ या भागात घोड्याच्या फेरीच्या रीती सांगितल्या आहेत. याच ग्रंथातील ‘व्यवहारमयूख’ पुढे इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यात हिंदू कायद्याचा प्रमाणग्रंथ ठरला. वारसाहक्काचे वाद ज्याच्या वचनांवर निकाली निघत, त्याच ग्रंथकाराने घोडा कोणत्या घरातून कोणत्या घरात न्यावा हेही तपशिलाने लिहून ठेवले, ही गोष्ट कायद्याच्या इतिहासात सहसा सांगितली जात नाही.

घोड्याची फेरी वरवर सोपी वाटते, पण पन्नास-पंचावन्न घरे झाली की नवखा खेळाडू हमखास अडकतो. कारण पटाच्या कोपऱ्यांत आहे. मधल्या १६ घरांतून घोड्याला आठ वाटा असतात, तर कोपऱ्यातील घरातून केवळ दोन. कोपऱ्याकडे दुर्लक्ष केले की तेथे पोहोचण्याची किंवा तेथून सुटण्याची वाट आधीच वापरली गेलेली असते. १८२३ साली एच. सी. फॉन वार्न्सडॉर्फ या जर्मन लेखकाने यावर सोपा नियम सुचवला : पुढच्या ज्या घरातून बाहेर पडण्याच्या वाटा सर्वांत कमी उरल्या असतील, तेथे आधी जावे. हा नियम बहुतेक वेळा खेळाडूला शेवटपर्यंत नेतो. शेवटच्या घरातून पुन्हा पहिल्या घरात उडी मारता येत असेल, तर त्या फेरीला बंद फेरी म्हणतात. घोडा प्रत्येक उडीत काळ्या घरातून पांढऱ्या किंवा पांढऱ्यातून काळ्या घरात जातो. त्यामुळे २५ घरांच्या पटावर, किंवा घरांची संख्या विषम असलेल्या कोणत्याही पटावर, बंद फेरी अशक्य असते. नेहमीच्या ६४ घरांच्या पटावर मात्र अशा १,३२,६७,३६,४४,१०,५३२ म्हणजे तेरा लाख कोटींहून अधिक वेगवेगळ्या बंद फेऱ्या आहेत. स्विस गणितज्ञ लिओनहार्ड ऑयलर यांनी १७५९ मध्ये या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास मांडला.

कागद-पेन्सिलीविना ही फेरी खेळायची तर भेट दिलेल्या प्रत्येक घरावर एक चिंचोका ठेवत जाणे सोयीचे पडते. असे केले की खेळाचे रूप पालटते. रिकामा पट एकेका चिंचोक्याने भरत जातो, ठेवलेला चिंचोका उचलता येत नाही आणि प्रत्येक ठेवण्याने पुढच्या शक्यता घटतात. आजच्या टाइल-मांडणी खेळाचा गाभा हाच आहे.

एकटीने खेळायच्या खेळाची दुसरी परंपरा खळग्यांच्या पाटाची आहे. दोन ओळींत सात-सात खळगे असलेल्या लाकडी पाटावर चिंचोके, कवड्या किंवा गुंजा वाटत जाण्याच्या या खेळाला तेलुगूत वामनगुंटलू, कन्नडमध्ये अळिगुळिमणे आणि तमिळमध्ये पल्लांगुळी म्हणतात. मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नडही घरात बोलल्या जाणाऱ्या सोलापूरसारख्या शहरात ही नावे परकी नाहीत; हातमाग आणि गिरण्यांच्या निमित्ताने तेथे आलेला पद्मशाली समाज तेलुगूभाषक आहे. हा खेळ सहसा दोघींचा असला, तरी दक्षिणेत त्याचा एक प्रकार सीतेच्या नावाने ओळखला जातो आणि तो एकटीने खेळायचा असतो. अशोकवनात एकाकी असलेल्या सीतेने वेळ काढण्यासाठी तो खेळला, अशी समजूत आहे. एकल खेळाला विरहाशी जोडणारी ही कथा राजसभेतील करमणुकीहून फार वेगळ्या जगातली आहे. तेथे फुरसत होती. येथे वाट पाहणे आहे.

उचलण्याचे आणि मांडण्याचे खेळ

एकल बैठ्या खेळांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. एका वर्गात भरलेला पट रिकामा करायचा असतो, दुसऱ्यात रिकामा पट भरायचा असतो.

पहिल्या वर्गातील महाराष्ट्रात सर्वपरिचित खेळ म्हणजे ब्रेनविटा. ३३ खळग्यांच्या अधिकाकृती पटावर मधला खळगा सोडून ३२ गोट्या मांडतात आणि एका गोटीने शेजारच्या गोटीवरून उडी मारून तिला उचलत जातात. शेवटी एकच गोटी, तीही मध्यभागी, उरावी हे उद्दिष्ट असते. फ्रान्समध्ये या खेळाचा उल्लेख १६८७ पासून आढळतो आणि जर्मन तत्त्वज्ञ लायब्निट्स यांनी १७१० मध्ये त्यावर लिहिले होते. एका गोटीने सलग मारलेल्या उड्या एक खेळी धरल्यास मधल्या खळग्यापासून मधल्या खळग्यापर्यंतचा हा डाव १८ खेळ्यांत सुटतो. अर्नेस्ट बर्गहोल्ट यांनी १९१२ मध्ये हे उत्तर दिले आणि याहून कमी खेळ्यांत ते शक्य नाही, हे जॉन बीझ्ली यांनी १९६४ मध्ये सिद्ध केले. शेवटची एकटी गोटी मध्यभागी किंवा चार भुजांच्या टोकांच्या मधल्या खळग्यांतच उरू शकते, अन्यत्र नाही, हेही गणिताने दाखवता येते.

जपानमध्ये याच वर्गातला ‘हिरोइमोनो’ हा जुना खेळ आहे. ‘गो’ या खेळाच्या पटावर काही सोंगट्या नक्षीत मांडतात आणि पटावरील रेषांवरून जात एकेक सोंगटी उचलतात. वाटेत आलेली सोंगटी ओलांडता येत नाही, ती उचलावीच लागते. आणि आल्या दिशेने लगेच मागे फिरता येत नाही. अठराव्या शतकातील जपानी कोड्यांच्या पुस्तकांत त्याच्या नक्षी छापलेल्या आहेत. चिनी माजोंगच्या टाइल रचून त्यांच्या जोड्या काढत जाण्याचा संगणकीय खेळ हाही उचलण्याचाच. तो ब्रोडी लॉकर्ड यांनी तयार केला आणि १९८६ मध्ये ‘शांघाय’ या नावाने बाजारात आला. पत्त्यांचा पेशन्स आणि १९९० पासून विंडोज प्रणालीसोबत येऊ लागलेला त्याचा संगणकी अवतार सॉलिटेअर यांत दोन्ही वर्गांचे मिश्रण आहे. बैठ्या खेळांपासून दूर राहिलेल्या कित्येक कारकुनांनाही एकल खेळाची ओळख या मार्गाने, कार्यालयीन वेळेत झाली.

उचलण्याच्या खेळात निकाल दोनच : सुटला किंवा अडकला. ब्रेनविटात चार गोट्या उरल्या की मागचे सारे कष्ट वाया गेल्यासारखे वाटते आणि पटावर पाहण्यासारखेही काही उरत नाही. मांडण्याच्या खेळात अडकणे सहसा नसते. डाव कसाही गेला तरी शेवटी पटावर काहीतरी उभे असते. गुण कमी पडले तरी बाग ही बागच राहते. टाइल-मांडणीचे खेळ शांतवणारे वाटतात याचे मुख्य कारण त्यांच्या रंगसंगतीपेक्षा या रचनेत शोधावे लागते.

जपानी तुकडे

जपानी टाइल-खेळ म्हटला की आज नव्या, रंगीत पेट्या डोळ्यांपुढे येतात. परंतु तुकडे जुळवण्याचा एकल खेळ जपानमध्ये अठराव्या शतकातच रूढ होता. १७४२ साली तेथे ‘सेई शोनागोन चिए नो इता’ या नावाचे छोटे पुस्तक प्रसिद्ध झाले. नावाचा अर्थ ‘सेई शोनागोनच्या बुद्धीच्या फळ्या’. चौरसाचे सात तुकडे करून त्यांपासून दिलेल्या आकृत्या जुळवायच्या, असा हा खेळ. सेई शोनागोन ही दहाव्या-अकराव्या शतकाच्या संधिकालातील जपानी राजदरबारातील लेखिका. ‘माकुरा नो सोशी’ हा तिचा ग्रंथ प्रसिद्ध आहे. ती या खेळाची कर्ती नव्हे. चातुर्याबद्दल तिचा लौकिक होता म्हणून सातशे वर्षांनंतर खेळाला तिचे नाव दिले गेले. आपल्याकडे चतुराईच्या गोष्टी बिरबलाच्या नावावर जमा होतात, त्यातलाच हा प्रकार.

सात तुकड्यांचाच पण वेगळ्या पद्धतीने कापलेला चिनी खेळ टँग्रॅम. त्यावरील सर्वांत जुने ज्ञात पुस्तक १८१३ चे, म्हणजे जपानी पुस्तकानंतरचे आहे. टँग्रॅमच्या चौरसाचे १६ समान भाग कल्पिले तर दोन मोठे त्रिकोण प्रत्येकी ४ भागांचे, मधला त्रिकोण, चौरस आणि समांतरभुज चौकोन प्रत्येकी २ भागांचे आणि दोन लहान त्रिकोण प्रत्येकी १ भागाचा असतो. जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यातून तो पाच मिनिटांत कापता येतो. या खेळांत योगायोग नसतो. सातही तुकडे आरंभापासून समोर असतात आणि उत्तर ठरलेले असते. आधुनिक टाइल-खेळ वेगळा पडतो तो येथे : त्यात पुढचा तुकडा माहीत नसतो आणि एकच एक बरोबर उत्तरही नसते.

आधुनिक खेळ

क्लाउस-युर्गेन व्रेडे यांचा ‘कार्कासोन’ हा जर्मन खेळ २००० साली प्रसिद्ध झाला आणि त्याला पुढच्याच वर्षी ‘श्पील देस यारेस’, म्हणजे वर्षातील उत्कृष्ट खेळ, हा जर्मनीतील प्रतिष्ठेचा पुरस्कार मिळाला. रस्ते, शहरे आणि शेते रंगवलेल्या ७२ चौरस टाइल एकेक करून उचलायच्या आणि कडेला कड जुळेल अशा लावायच्या, हा त्याचा साचा पुढच्या असंख्य खेळांनी उचलला. तो मुळात दोन किंवा अधिक जणांचा खेळ. एकट्यासाठीची पद्धत पेटीतच छापून देण्याची प्रथा पुढील काळात वाढली. रँडी फ्लिन यांच्या ‘कॅस्केडिया’ला २०२२ चा श्पील देस यारेस मिळाला, त्यात एकट्याने खेळण्याची सोय आहे. २०२३ चा पुरस्कार ‘डोर्फरोमांटिक’च्या पटावरील आवृत्तीला मिळाला. हा खेळ एक ते सहा जणांनी मिळून, एकमेकांविरुद्ध न खेळता, खेळायचा असतो. बर्लिनमधील विद्यार्थ्यांनी बनवलेल्या एकट्याच्या संगणकीय खेळावरून तो तयार झाला.

जपानी विषयाचे खेळ या लाटेतच आले. आंत्वान बोझा या फ्रेंच रचनाकाराच्या ‘ताकेनोको’ (२०११) या खेळात षट्कोनी टाइलांनी जपानी सम्राटाची बाग वाढवायची असते आणि एक पांडा त्यातला बांबू खात फिरतो. या साऱ्या पेट्यांमधला जपान हा प्रामुख्याने युरोपीय कल्पनेतला जपान आहे, हे विसरून चालत नाही. चेरीचा बहर, चहा, कंदील, शांत तळे ही निवडक चित्रे विश्रांतीची खूण म्हणून वापरली जातात. जपानी बागेचे शास्त्र त्यात शोधू गेल्यास निराशा होते. तरीही रिकामी जागा राखणे, एका कडेला झुकती रचना करणे आणि हळूहळू वाढवणे ही जपानी उद्यानकलेची तत्त्वे काही खेळांच्या नियमांतच उतरली आहेत. पुण्यात सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान हे ओकायामा शहरातील कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेले आहे. ते पाहिलेल्या वाचकाला या तत्त्वांचा प्रत्यय सहज येईल.

‘बोनसाय’ एकट्याने खेळताना

नियमांतून उतरलेल्या जपानी विषयाचे चांगले उदाहरण म्हणजे ‘बोनसाय’ (२०२३). रोझारिया बत्तियातो, मास्सिमो बोर्झी आणि मार्तिनो क्याक्येरा या इटालियन रचनाकारांचा हा खेळ एक ते चार जणांसाठी आहे. जपानीत ‘बोन’ म्हणजे पसरट कुंडी आणि ‘साय’ म्हणजे लागवड. मराठीत वामनवृक्ष हा शब्द रुळला आहे.

खेळाडूसमोर एक कुंडी असते. तिच्यावर षट्कोनी टाइलांनी झाड वाढवायचे. टाइल चार प्रकारच्या : खोड, पान, फूल आणि फळ. खोड खोडालाच लागते. पान खोडाला चिकटून हवे. फूल पानाला चिकटून हवे. फळाला एकमेकांशेजारी असलेली दोन पाने लागतात आणि दोन फळे शेजारी येऊ शकत नाहीत. प्रत्येक पाळीत खेळाडू दोहोंपैकी एकच काम करतो : एकतर मांडलेल्या पत्त्यांतून एक पत्ता आणि त्यासोबतच्या टाइल घेतो, किंवा हातातल्या टाइल झाडावर लावतो. पहिल्या कामाला खेळात ध्यान म्हटले आहे, दुसऱ्याला मशागत. आरंभी पाळीच्या शेवटी पाचच टाइल जवळ ठेवता येतात; जास्त झाल्या तर टाकून द्याव्या लागतात. अवजारांचे पत्ते मिळाले की ही मर्यादा वाढते. ध्यानच करत राहिले तर टाइल वाया जातात, मशागतच करत राहिले तर हात रिकामा होतो.

गुणांची पद्धत अशी : प्रत्येक पानाचे ३ गुण, प्रत्येक फळाचे ७ गुण आणि फुलाच्या भोवती जितक्या बाजू मोकळ्या तितके गुण. खेळाचा सारा ताण या शेवटच्या कलमात आहे. षट्कोनाला सहा बाजू. त्यांतील एक पानाला चिकटलेलीच असते. त्यामुळे एकाकी फुलाला जास्तीत जास्त ५ गुण मिळतात, म्हणजे पानाहून अधिक. पण त्याच्या शेजारी पुढे जे काही लावले जाईल ते त्याचा एक गुण खाते. दोन फुलांच्या मधल्या घरात पान लावले तर पानाचे ३ मिळतात आणि फुलांचे २ जातात. निव्वळ लाभ एक. त्याच घरात फळ बसत असेल तर लाभ पाचाचा. शिवाय फळासाठी शेजारीशेजारी पाने हवीत, म्हणजे झाड दाट हवे. फुलासाठी मोकळीक हवी, म्हणजे झाड विरळ हवे. दाटी आणि मोकळीक यांचा हा झगडा प्रत्यक्ष वामनवृक्ष वळवणाऱ्यालाही चुकत नाही.

याखेरीज काही उद्दिष्टांच्या टाइल असतात. एखाद्या उद्दिष्टाची अट पुरी झाली की ते तेव्हाच घ्यायचे किंवा कायमचे सोडायचे. एका रंगाचे एकच उद्दिष्ट घेता येत असल्याने लहान गुणांचे उद्दिष्ट सोडून त्याच रंगाच्या मोठ्याची आशा धरावी की नाही, हा निर्णय अवघड असतो. चौघांच्या खेळात तो शेजाऱ्याच्या गतीवर अवलंबून असतो. एकट्याच्या खेळात तो पत्त्यांचा उरलेला गठ्ठा पाहून घ्यावा लागतो. गठ्ठ्याची जाडी हेच येथे घड्याळ.

एकट्याने खेळताना जिंकण्याहरण्याचा निकष गुणांच्या लक्ष्यावर असतो. पहिल्या काही डावांत नवखा खेळाडू फळांमागे लागतो, कारण ७ हा आकडा मोठा दिसतो. एका फळासाठी लागणारी दोन पाने आणि त्यांना धरणारे खोड यांचा हिशेब लक्षात यायला वेळ लागतो. खोडाला स्वतःचा एकही गुण नाही, पण त्याच्याविना काहीच लागत नाही. म्हणून फांदी कोणत्या दिशेला न्यावी हा पहिल्या पाळ्यांतला निर्णय अखेरच्या गुणसंख्येवर सर्वाधिक परिणाम करतो.

विश्रांती आणि ताण

अशा खेळांना विश्रांतीचे खेळ म्हटले जाते, तरी त्यांत निर्णय थोडे नसतात. मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी ‘बियाँड बोअरडम अँड अँग्झायटी’ (१९७५) या पुस्तकात बुद्धिबळपटू, गिर्यारोहक आणि अन्य लोकांच्या तल्लीनतेचा अभ्यास मांडला. आव्हान कौशल्याहून फार मोठे झाले की चिंता येते, फार लहान झाले की कंटाळा. दोन्ही तोलाचे असले की माणूस कामात हरवून जातो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. एकल खेळात हा तोल खेळाडू स्वतः राखू शकतो. लक्ष्य चढवता येते, उतरवता येते, डाव अर्धवट सोडून स्वयंपाकघरात जाऊन येता येते. समोरच्याला ताटकळत ठेवल्याची टोचणी नसते आणि कोणी घाईही करत नाही.

मात्र याच मोकळिकीतून या प्रकाराची मुख्य अडचण उभी राहते. लावलेली टाइल पुन्हा उचलायची नाही, हा नियम पाळायला लावणारे कोणी नसते. एकदा उचलली की दुसऱ्यांदाही उचलली जाते आणि मग गुणांना अर्थ उरत नाही. अनुभवी खेळाडू यासाठी साध्या युक्त्या करतात : बोट सुटले की टाइल पक्की, किंवा एका डावात एकच माघार. प्रत्येक डावाचे गुण तारखेसह वहीत लिहून ठेवणे हीदेखील जुनी रीत आहे. वहीत आकडे साठत गेले की प्रतिस्पर्ध्याची उणीव काही अंशी भरून निघते. मागच्या महिन्यातला खेळाडू या महिन्यातल्या खेळाडूच्या समोर येऊन बसतो.

दुसरा आक्षेप खर्चाचा आहे. युरोपात छापलेल्या या पेट्या भारतात आयात होऊन येतात आणि त्यांची किंमत सामान्य घरातील खेळण्याच्या मानाने बरीच असते. त्यामुळे महाराष्ट्रात त्यांचा प्रसार प्रामुख्याने मोठ्या शहरांतील हौशी मंडळींत दिसतो. घोड्याच्या फेरीला मात्र एक पट, एक घोडा आणि चौसष्ट चिंचोके एवढेच साहित्य पुरते.